वि गावचे विकर

एका जंगलात एक वानरी होती, आणि त्या वानरीत एक गाव होतं.

मुलांनो, वाचण्यात चूक झाली असं समजून मागे जाऊ नका. गावात वानर असतात, कौलं फोडतात, वाळत घातलेले पापड पळवतात, हे मलाही ठाऊक आहे. इथे उलटं होतं. गाव वानरीच्या आत होतं. वानरी बाहेर उंबराच्या उंच फांदीवर बसली होती. तिच्या उजव्या हाताच्या कवेत पिल्लू होतं आणि डाव्या हातानं तिनं वरची फांदी धरली होती. खाली दरी होती. तेव्हा तिचा डावा हात फार महत्त्वाचा होता. हा हात गोष्ट संपेपर्यंत लक्षात ठेवा. तुम्ही विसराल हे मला माहीत आहे, म्हणून मी मधूनमधून आठवण करीन.

आतल्या गावाचं नाव तांबडवाडी. तिथे रस्ते नव्हते, सगळ्या नद्याच होत्या. नद्या लाल, आणि नद्यांतल्या होड्याही लाल. एकेका होडीत एकेक गावकरी राही. काम सगळ्यांचं एकच. छातीच्या बंदरावर जायचं, टोपल्यांत वारा भरायचा आणि गावभर पोचवायचा. वारा पोचला की कान हलतो, शेपटी उठते, बोट वळतं. नाही पोचला की नाही. इतकं सोपं होतं, म्हणून त्याचा कोणी विचार करत नसे.

विचार न करण्याला दुसरंही कारण होतं. होडीवर नोकरी लागली की आपलं डोकं जमा करावं लागे.

"डोकं फार जागा खातं," असं हाडांच्या कारखान्यात सांगत. होड्या तिथेच बनत. "तेवढ्या जागेत टोपल्या मावतील."

गावकरी हसत हसत डोकं काढून देत. तोंड मात्र त्यांच्याकडेच राही. तोंड चालवायला डोकं लागतं असा तुमचा समज असेल, तर मोठे व्हा आणि सभांना जात जा.

या गावात जास्वंदीबाई नावाच्या एक बाई होत्या. त्यांची फेरी डाव्या हाताच्या करंगळीची. वानरी कशी दिसते ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. फांदी नाही, दरी नाही, पिल्लूही नाही. त्यांना एवढंच माहीत होतं की आपण करंगळीत टोपली रिकामी केली की ती जराशी आवळते. "बरं का" म्हटल्यासारखी. त्या म्हणत, "माझी करंगळी वाट बघत असेल हो," आणि घाईघाईनं होडी हाकत. करंगळीवर त्यांचा फार जीव होता.

दुसरा जीव होता स्वच्छतेवर. त्यांच्या होडीत तळाला तोंड दिसे. कोपऱ्यात केरसुणी असे. केरसुणी म्हणजे लक्ष्मी, तिला चुकून पाय लागला तर जास्वंदीबाई दोनदा नमस्कार करत आणि दिवसभर चुटपुटत राहत.

शेजारच्या होडीत डाळिंबराव होते. त्यांची फेरी अनामिकेची, म्हणजे करंगळीशेजारच्या बोटाची. दोन्ही होड्या बरोबरच निघत. डाळिंबराव थोडे आळशी आणि बरेच बोलके. "जास्वंदीबाई, तुमची करंगळी म्हणजे शेंडेफळ. माझ्या बोटाला अंगठी घालतात," असं ते रोज म्हणत. वानरीच्या बोटात अंगठी कुठून येणार? पण हे कळायला डोकं लागतं, आणि ते जमा होतं.

असं सगळं मजेत चाललं होतं. मग एक दिवस एक डासीण वानरीच्या कानावर बसली, आणि तिच्या सोंडेतून हिवराजपंत गावात उतरले.

उतरले ते थेट आप्पासाहेब काळज्यांकडे गेले. काळीज म्हणजे तुमच्या पुस्तकातलं यकृत. आप्पासाहेबांचा बंगला गावात सगळ्यांत मोठा आणि ते ग्रामस्वच्छता समितीचे अध्यक्षही होते. पंत त्यांच्या मागच्या खोलीत काही दिवस राहिले. आत गेले तेव्हा एकटे होते. बाहेर पडले तेव्हा काही हजार होते. सगळे हिवराजपंत, सगळ्यांचे चेहरे तेच आणि अंगात केसाळ कोटही तोच.

"छान माणूस," आप्पासाहेब नंतर सगळ्यांना सांगत. "इतके दिवस राहिले, भांड्याचा आवाज नाही."

त्या हजारांतले एक हिवराजपंत जास्वंदीबाईंच्या होडीशी आले. बरोबर तिघेजण होते. पंतांनी हळूच टकटक केली.

"वहिनी, आत येऊ का?"

"या की. पण हे कोण बरोबर?"

"हे होय? हे माझे विकर."

"नोकर?"

"नोकर नव्हे, विकर."

"अगं बाई, आडनाव होय. विकर. म्हणजे वि गावचे," जास्वंदीबाई म्हणाल्या. "वि कुठे आलं हो? कोकणात की घाटावर?"

पंतांना आजवर हे कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी खालच्या लाल पाण्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "नदीकाठीच आहे."

"तरीच. नदीकाठची माणसं मऊ असतात स्वभावानं. आमच्या डाळिंबभावजींची आतेबहीण तिकडेच कुठेशी दिलीय. ओळख निघेल बघा."

मुलांनो, विकर म्हणजे काय हे तुम्ही विज्ञानात शिकला आहात. इंग्रजी शाळेत असाल तर एन्झाइम म्हणून शिकला असाल. विकर म्हणजे प्रत्येक जिवाच्या आतले कारागीर. ते कापतात, जोडतात, मोठ्याचं बारीक करतात. तुम्ही मघाशी न विचारता डब्यातून काढून खाल्लेल्या चकलीचे आत्ता तुमच्या पोटात तुकडे करताहेत, तेही विकरच. विकर काही जात्या वाईट नसतात. फक्त ते कोणाचे आहेत, हे विचारायचं असतं. जास्वंदीबाईंनी ते कुठले आहेत, हे विचारलं. आपल्याकडे हीच चूक होते. आडनावाला कर लागला की गाव विचारायचं, आणि गाव कळलं की माणूस कळला असं समजून चहा टाकायचा.

तर पंत उंबरठ्यावर आले. तेव्हा थोरल्या विकरांनी आपली कात्री काढली आणि पंत आत शिरता शिरता त्यांचा कोट शिवणीवर कापला. पंत नुसत्या बंडीवर आत आले आणि कोट बाहेर पडला.

जास्वंदीबाईंचा ऊर भरून आला. "चपला बाहेर काढणारे पाहुणे पुष्कळ बघितले," त्या नंतर डाळिंबरावांना म्हणाल्या. "हे कोटसुद्धा बाहेर काढून येतात."

"आमच्याकडे आलेत, तेही तसेच," डाळिंबराव म्हणाले. "विकर मंडळी आहेत ना बरोबर? घरंदाज माणसं."

आता तुम्ही म्हणाल, गावात पोलीस नव्हते का? होते तर. फौजदार पांढरे होते. पांढरा गणवेश, मोठं पोट, आणि संशयित दिसला की त्याला अख्खा गिळायची सवय. गावात परके शिरले आहेत ही खबर त्यांना लागली होती. परक्यांचं वर्णनही मिळालं होतं : केसाळ कोट.

फौजदार पांढरे शिपायांना घेऊन नदीवर आले आणि पाहतात तो काय, दारोदारी केसाळ कोट.

"सापडले," फौजदार म्हणाले. "घाला बेड्या."

"साहेब, आत माणूस नाही. नुसता कोट आहे," एक शिपाई म्हणाला.

"वर्णनात काय लिहिलंय?"

"केसाळ कोट."

"मग?"

शिपायानं कोटाच्या दोन्ही बाह्यांना बेड्या घातल्या. सगळे कोट चौकीत नेले. तिथे त्यांची कसून चौकशी झाली. कोट काही बोलेनात. "अट्टल आहेत," फौजदार म्हणाले आणि आणखी शिपाई मागवले. गावातले निम्मे पोलीस कोटांच्या बंदोबस्ताला लागले.

होडीत डोकावून का नाही पाहिलं? चांगला प्रश्न आहे. तांबडवाडीत इतर सगळ्या घरांना खिडकी होती. घरात परका शिरला की घरमालक त्याची एखादी वस्तू खिडकीत टांगून ठेवी, म्हणजे पोलिसांना बाहेरून कळे. होड्यांना मात्र खिडकी नव्हती. खिडकी असावी हे सुचायलाही डोकं लागतं. मी तेच तेच सांगतो आहे असं वाटत असेल, तर त्याला माझा इलाज नाही. ते गावच तसं होतं.

आत पंत जेवायला बसले. वाढायचं काम मधल्या विकरांकडे. त्यांनी जास्वंदीबाईंची वाऱ्याची एक टोपली उचलली, तिचे वेत सोलले, बारीक चिरले आणि पंतांपुढे ठेवले. पंतांनी मिटक्या मारत खाल्ले.

"अहो, ती टोपली वाऱ्याची," जास्वंदीबाई म्हणाल्या.

"काय विणलीय, वहिनी. जिभेवर विरघळते."

जास्वंदीबाई लाजल्या. शिवाय पाहुणा जेवत असताना त्याच्यापुढून ताट ओढणं त्यांना जमणार नव्हतं. उलट सवयीनं त्यांच्या तोंडून गेलं, "अजून एक घ्या ना. अगदीच काही खाल्लं नाहीत."

पंतांनी आणखी एक घेतली. मग आणखी एक. जास्वंदीबाई आग्रह करत राहिल्या, आणि आग्रह मोडणारे पंत नव्हते.

प्रत्येक टोपलीत चार लोखंडी खिळे असत. वारा त्या खिळ्यांनाच अडकवलेला असे. वेत खाऊन झाले की खिळे उरत, आणि ते खिळे महाविषारी होते. पंतांचा पाय एका खिळ्यावर पडला तेव्हा ते असे उडाले की बंडीची गुंडी तुटली. मग त्यांनी खिळे चिमट्यानं गोळा केले, कोपऱ्यात नेले आणि एकावर एक नीट रचले. रचलेले खिळे घट्ट चिकटून बसतात आणि मग कोणाला टोचत नाहीत. बघता बघता काळ्या-तपकिरी विटांची चकचकीत रास उभी राहिली.

"केरसुणी कुठे असते, वहिनी?" पंतांनी विचारलं. "चार बारीक खिळे राहिलेत, लोटून घेतो."

जास्वंदीबाईंना रडूच यायचं बाकी राहिलं. पुरुष पाहुणा, आणि स्वतः केरसुणी मागतो. ही बातमी त्यांनी पाठीमागून येणाऱ्या प्रत्येक होडीला सांगितली. पाठीमागच्या होड्यांनी ती त्यांच्या पाठीमागच्यांना सांगितली. शेवटी ती आप्पासाहेब काळज्यांच्या कानावर गेली, आणि ते समिती घेऊन आले.

त्यांनी काठावरूनच दारातून आत वाकून रास पाहिली. अध्यक्षांसाठी दार उघडलं होतं, पोलिसांनी ते कधी ठोठावलंच नव्हतं. "याला म्हणतात कचऱ्याचं व्यवस्थापन," ते म्हणाले. "आपण गावकरी कचरा करतो. हे पाहुणे कचरा रचतात. यंदाचा स्वच्छ होडी पुरस्कार हिवराजपंतांना."

टाळ्या झाल्या. होडी जास्वंदीबाईंची, टोपल्या जास्वंदीबाईंच्या, केरसुणीही त्यांचीच. पुरस्कार पंतांना. जास्वंदीबाईंनी सगळ्यांत जास्त टाळ्या वाजवल्या.

राहिले धाकटे विकर. त्यांच्याबद्दल मी अजून काही बोललो नाही, कारण ते स्वतःच काही बोलत नसत. कोपऱ्यात मांडी घालून बसत. मांडीवर सगळ्यांत मोठी कात्री, आणि कात्रीवर दोन्ही हात.

"धाकटे काय करतात?" जास्वंदीबाईंनी एकदा विचारलं.

"वाट बघतात," पंत म्हणाले.

"कशाची?"

"माझ्या शब्दाची."

"किती गुणी. आमच्याकडची पोरं दहा हाका मारल्या तरी हलत नाहीत."

इकडे पंतांनी होडीला बाहेरून तोरण बांधलं. तोरण दिसायला सुंदर होतं, पण आंब्याच्या पानांऐवजी त्याला आकडे होते. हे आकडे करंगळीच्या काठाला घट्ट रुतले आणि होडी तिथेच अडकली.

"अहो, मला बंदरावर जायचंय. वारा आणायचाय," जास्वंदीबाई म्हणाल्या.

"बसा हो, वहिनी. किती राबाल?"

पंतांना प्लीहेच्या, म्हणजे रक्त गाळणाऱ्या अवयवाच्या, नाक्याची भीती होती. प्रत्येक होडीला फेरीत तो नाका लागे. तिथे दोन म्हाताऱ्या शिळा होत्या, आणि त्यांच्यामधल्या चिंचोळ्या फटीतून होडीला अंग चोरून जावं लागे. होडीत नको ते सामान असलं तर ते तिथे अडके. पण होडी हललीच नाही तर नाका कसा येणार? पंतांकडे डोकं होतं बघा.

अनामिकेच्या काठाला डाळिंबरावांची होडीही तशीच अडकली होती. मागून येणाऱ्या होड्या खोळंबल्या. करंगळीला वारा मिळेना. ती आवळेनाशी झाली आणि गार पडू लागली. जास्वंदीबाईंच्या जिवाची घालमेल होऊ लागली. घरी पाहुणा आणि तिकडे करंगळी उपाशी. बरं, तो डावा हात आहे ना लक्षात?

एका दुपारी डाळिंबरावांची हाक आली.

"जास्वंदीबाई, ऐकलंत का? आमच्या धाकट्या विकरांनी आज कात्री उचलली."

"हो का? कशाला?"

"काहीतरी शिवणार बहुतेक. पंत म्हणाले, आता वेळ झाली. आधी आतला पडदा कापताहेत. माप घ्यायला सांगतो मी पण, माझा सदरा जरा..."

पुढचं जास्वंदीबाईंना ऐकू आलं नाही. धाकट्यांनी आतला पडदा कापला, मग होडीची सगळी बांधणी आतून कापली, आणि डाळिंबरावांची होडी फाटली. तिच्यातून पंत बाहेर पडले. एकाचे वीस झाले होते. सगळ्यांच्या अंगात नवे कोरे केसाळ कोट. ते वीस वाटांनी वीस होड्यांकडे गेले आणि वीस दारांवर हळूच टकटक झाली.

त्याच क्षणी गावात आणखी कितीतरी होड्या फाटल्या. पंतांची वेळ फार कडक असते, एका तुकडीचे सगळे एकदमच शब्द देतात. जास्वंदीबाईंचे पंत मागच्या तुकडीतले होते. बाहेर वानरीला हुडहुडी भरली. दात वाजू लागले. फांदी गदगदा हलली आणि पिल्लू घाबरून आईला आणखी चिकटलं.

डाळिंबराव जास्वंदीबाईंचे कोणी नव्हते. आळशी होते, बढाया मारत. पण रोज बरोबर होडी हाकणारा माणूस नाहीसा झाला की पाणीसुद्धा वेगळं वाटतं. जास्वंदीबाई रडल्या. रडताना त्यांनी आपल्या धाकट्या विकरांकडे पाहिलं. ते मांडी घालून बसले होते आणि त्यांच्याकडे बघून अदबीनं हसले.

पंत आता गलेलठ्ठ झाले होते. बंडीच्या आत काहीतरी वळवळत होतं. एक नव्हे, पुष्कळ.

बाहेर वानरी ग्लानीत होती. उजव्या हातात पिल्लू, डाव्या हातात फांदी, तोंड तेवढं मोकळं. उंबराला खेटून दुसरं एक झाड होतं आणि त्याची साल तोंडाशी येत होती. तिच्या आईनं, आजीनं थंडी भरली की हीच साल चावलेली होती. वानरीनं ती चावली. साल इतकी कडू होती की तिचे कान मागे गेले. त्या झाडाचं नाव मी सांगणार नाही. तुम्ही उठून दिसेल ती साल चावाल आणि तुमच्या आया माझ्या दारात येतील. ताप आला तर डॉक्टरांकडे जा.

थोड्या वेळानं तांबडवाडीच्या नद्यांना कडू पाणी आलं.

जास्वंदीबाईंच्या होडीत मधले विकर शेवटून तिसरी टोपली सोलत होते. पंतांनी खिळे उचलले, राशीवर ठेवले, तर ते घसरून खाली आले. पुन्हा ठेवले, पुन्हा घसरले. कडू पाण्यानं खिळ्यांना बुळबुळीत केलं होतं, एकाला दुसरा चिकटेना. मधले विकर आपले चिरतच होते. त्यांना तेवढंच येत होतं. नवे खिळे तळावर सांडत होते.

"हे काय चाललंय?" काठावरून आप्पासाहेब काळजे ओरडले. "पुरस्कारप्राप्त होडीत उकिरडा? बाई, केर काढा आधी. पाहुणा आहे घरात. लोक काय म्हणतील?"

जास्वंदीबाईंच्या अंगावर काटा आला. आयुष्यात त्यांच्या होडीला कोणी नाव ठेवलं नव्हतं. त्या तशाच उठल्या आणि कोपऱ्यातली केरसुणी त्यांनी हातात घेतली.

"द्या, वहिनी, इकडे द्या," पंत म्हणाले. ते एका पायावर उभे होते. दुसऱ्या पायात खिळा शिरला होता. "सगळे खिळे राशीमागच्या फटीत लोटतो. मग शब्द देतो. लवकर करा, धाकट्यांची वेळ झाली."

जास्वंदीबाईंचा हात पुढे गेला होता. तो तिथेच थांबला.

त्यांना सगळं समजलं, असं मी म्हणणार नाही. समजायला काय लागतं ते तुम्हांला माहीत आहे. पण वेळ झाली, हे शब्द त्यांनी कुठेतरी ऐकले होते. काहीतरी शिवणार बहुतेक, असं डाळिंबराव म्हणाले होते. काठाला टेकलेल्या होडीतून करंगळीचा गारवा त्यांच्या पायांत चढत होता. आणि आजवर इतक्या आरामात जेवलेला हा पाहुणा आज एवढी घाई करत होता.

जास्वंदीबाईंनी केरसुणी खाली ठेवली आणि त्या तिच्यावर बसल्या.



"वहिनी," पंत म्हणाले, "ती लक्ष्मी आहे."

"माहीत आहे. माझी आहे."

"तुम्ही तिच्यावर बसलात."

"हो. मऊ आहे."

"बाई, उठा," आप्पासाहेब म्हणाले. "पुरस्कार काढून घेऊ."

"पंतांचा आहे. त्यांच्याकडून घ्या."

"अहो, पसारा बघा," पंत आता दोन्ही पायांवर आळीपाळीनं नाचत होते.

"असू दे हो. घरचेच आहात तुम्ही, तुमच्यापुढे कसली आवराआवर? टोपली घ्या की अजून एक. मधले विकर, वाढा त्यांना. काही खाल्लंच नाहीये त्यांनी."

मधल्या विकरांनी आणखी एक टोपली चिरली. आणखी चार खिळे पडले. पंतांनी एक पाय उचलला, तर दुसऱ्याखाली दोन खिळे आले. धाकट्यांकडे वळून त्यांनी तोंड उघडलं. शब्द घशापर्यंत आला आणि तिथेच राहिला. मग पंत आपल्याच जेवणाच्या उष्ट्यावर आडवे झाले. बंडीतली वळवळही थांबली.

"शब्द आला का?" धाकट्या विकरांनी हळूच विचारलं.

"नाही आला," जास्वंदीबाई म्हणाल्या.

"मग थांबतो," धाकटे विकर म्हणाले आणि हाताची घडी घालून बसले. खरोखरच गुणी होते.

जास्वंदीबाई केरसुणीवर बसल्याची बातमी नदीभर गेली. बऱ्याच होड्यांनी आपापल्या केरसुण्यांवर बसून घेतलं. काही होड्या मात्र चांगल्या वळणाच्या होत्या. त्यांनी कंबर कसून केर काढून दिला. त्या होड्या आता नाहीत.

तोरणाची डागडुजी करायला कोणी उरलं नव्हतं. आकडे एकेक करून सुटले आणि होडी प्रवाहाला लागली. प्लीहेच्या नाक्यावर जास्वंदीबाईंनी अंग चोरलं. म्हाताऱ्या शिळांनी होडीला असं पिळलं की पंत, खिळे, थोरले, मधले आणि अजून शब्दाची वाट बघणारे धाकटे असे सगळे अलीकडे राहिले आणि जास्वंदीबाई पलीकडे निघाल्या. होडी बारीक झाली होती, चुरगळली होती. आत एकच टोपली उरली होती.

ती एक टोपली घेऊन त्या बंदरावर गेल्या. वारा भरला. परत येताना अनामिकेच्या काठाशी पाणी वेगळं वाटलं, तिथे त्या जराशा थांबल्या. मग करंगळीशी आल्या आणि टोपली रिकामी केली.

करंगळी आवळली.

बाहेर वानरीची बोटं फांदीवरून सुटत आली होती. अंगठा सुटला होता, दोन बोटं सुटली होती. करंगळीनं फांदी धरली. करंगळीचं बघून अनामिकेनं धरली, मग बाकीच्यांनी. पिल्लानं डोळे उघडून खाली दरीकडे पाहिलं, त्याला ती काही विशेष वाटली नाही, आणि ते पुन्हा झोपलं.

पुढे समितीची सभा झाली. पाहुण्यापुढे पसारा घातल्याबद्दल आणि लक्ष्मीचा अवमान केल्याबद्दल जास्वंदीबाईंचा निषेध करण्यात आला. हिवराजपंतांचा पुरस्कार मरणोत्तर कायम ठेवण्यात आला.  फौजदार पांढरे सभेला येऊ शकले नाहीत. कोट अजून कबुलीजबाब देत नाहीत.

जास्वंदीबाईही सभेला नव्हत्या. त्या एका टोपलीत वारा भरून करंगळीकडे निघाल्या होत्या, आणि त्यांच्या होडीत केर तसाच होता.

दरम्यान ती डासीण पुन्हा येऊन गेली म्हणतात. जाताना दोन-चार पंत, विकरांसकट, सोंडेत घेऊन गेली. कुठे गेली, मला ठाऊक नाही. पण तुम्ही मघापासून घोटा खाजवताय, म्हणून विचारतो, तुमच्याकडे केरसुणी कुठे असते?

तात्पर्य : स्वच्छता हे आरोग्याचं मूळ आहे. कोणाच्या आरोग्याचं, हे आधी विचारावं, आणि उत्तर मिळेपर्यंत केरसुणीवर बसून राहावं.